हवेचा हिशेब

सुपरचार्जर हा मोटारीपेक्षा वयाने मोठा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाच्या गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० साली आपल्या हवेच्या पंपाचं पेटंट घेतलं, तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार जन्माला यायला पाव शतक अवकाश होता. एका डब्यात एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरणारे दोन रोटर, एवढीच त्याची रचना. भट्ट्यांना हवा पुरवणं आणि खाणींत वारा खेळता ठेवणं ही त्याची पोटापाण्याची कामं. पुढे गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये इंजिनात दाबाने हवा भरण्याची कल्पना पेटंटात मांडली. १९२१ मध्ये मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर बसवलेल्या विक्रीच्या गाड्या ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हौशी पोरांनी जीएमसीच्या सहा सिलिंडरी टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा ‘६-७१’ ब्लोअर उतरवून आपल्या व्ही-८ गाड्यांच्या डोक्यावर चढवला. या साऱ्या प्रवासात पंपाचा स्वभाव बदललेला नाही. समोर भट्टी आहे, खाण आहे की इंजिन, हे त्याला ठाऊक नसतं. एक फेरा झाला की ठरलेली हवा पुढे ढकलायची, एवढंच त्याला येतं. त्या हवेचं पुढे काय करायचं, हा प्रश्न बसवणाऱ्याचा.

घरच्या गॅरेजात सुपरचार्जर बसवण्याविषयीची चर्चा बहुधा पान्यांभोवती फिरते: कोणता नट आधी सोडायचा, कोणता ब्रॅकेट कुठे येतो, पट्टा किती ताणायचा. ती माहिती लागतेच, आणि पुढच्या प्रकरणांत ती सविस्तर आहे. पण या पुस्तकाची भूमिका अशी की बसवणं हा या कामाचा सोपा आणि छोटा भाग आहे. हात चालणारा माणूस दोन सुट्ट्यांत किट बसवतो. त्यानंतर इंजिनाला मिळणारी हवा, इंधन आणि ठिणगी यांचा मेळ घालणं, ज्याला ट्यूनिंग म्हणतात, ते आठवडे खातं. आणि इंजिन जगणार की बसणार हे तिथेच ठरतं. म्हणून घरी हे काम करण्याचा अधिकार पान्याने मिळत नाही, मोजमापाने मिळतो. हेच सूत्र तपासण्यासाठी पुस्तकात एकच गाडी धरली आहे: १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली मझ्दाची एमएक्स-५, अमेरिकेत जिला सगळे मिआटा म्हणतात. १.६ लिटरचं ट्विन-कॅम इंजिन, अमेरिकी आवृत्तीत ११६ हॉर्सपॉवर, ९.४ ला १ कॉम्प्रेशन आणि जेमतेम टनभर वजन. गाडी वळणावर विलक्षण, सरळ रस्त्यावर बेताची. त्यामुळे तिला ताकद देण्याचा मोह तिच्या मालकांना पहिल्यापासून झाला, आणि ईटनच्या ‘एम-४५’ सुपरचार्जरवर बेतलेले तयार किट तिच्यासाठी बाजारात आले.

आधी हवेचा हिशेब मांडू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं, म्हणजे १.६ लिटरचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात फार तर ०.८ लिटर हवा ओढतं. एम-४५ च्या नावातला ४५ हा आकडा घनइंचांचा: रोटरच्या एका फेऱ्यात सुमारे ०.७४ लिटर. क्रँकवरची पुली सुपरचार्जरच्या पुलीच्या दीडपट धरली तर क्रँकच्या एका फेऱ्यात सुपरचार्जर कागदावर १.११ लिटर हवा आत लोटतो. इंजिनाला ०.८ हवी आणि येते १.११, ही दाटी म्हणजेच बूस्ट. गळती वजा जाता समजा गेजवर ६ पीएसआय दिसले. बाहेरच्या हवेचा दाब १४.७, तेव्हा आतला दाब १.४१ पट झाला. इथे बहुतेक जण थांबतात आणि ताकद ४१ टक्क्यांनी वाढणार असं गृहीत धरतात. पण दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना नळीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. ३० अंश सेल्सिअसची हवा या दाबाला आदर्श पंपानेही ६१ अंशांवर जाते. रूट्स पद्धतीचा पंप आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ५८ टक्के धरली तर हवा ८३ अंशांच्या घरात पोहोचते. तापलेली हवा विरळ. म्हणून दाब १.४१ पट झाला तरी घनता वाढते ती फक्त १.२ पट. त्याच हवेला इंटरकूलरमधून नेऊन ५० अंशांवर आणलं तर घनता १.३२ पट होते. यात आणखी एक वजावट आहे. एवढी हवा दाबायला लागणारी आठ-दहा हॉर्सपॉवर सुपरचार्जर पट्ट्यातून इंजिनाकडूनच वसूल करतो. तेव्हा गेजवरचा आकडा हा मिळकतीचा आकडा नाही. तो उलाढालीचा आकडा आहे, आणि नफा किती हे हवेचं तापमान पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरी बाजू इंधनाची. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. दाबाखाली मात्र मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवावं लागतं, साधारण साडेअकरा ते बारा, कारण जादा पेट्रोल बाष्प होताना सिलिंडरमधली उष्णता शोषतं. मूळ मिआटात आत येणारी हवा मोजायला एक झडप असते. हवेच्या रेट्याने ती उघडते, आणि किती उघडली यावरून संगणक इंधन ठरवतो. ती एकदा पूर्ण उघडली की पुढे कितीही हवा आली तरी संगणकाला काही कळत नाही. सुरुवातीच्या किटांनी यावर तोडगा काढला होता तो दाबाचा: बूस्ट वाढेल तसा इंधनाचा दाब चढवणारा रेग्युलेटर. तोडगा हुशारीचा होता, पण गणित त्याच्या विरुद्ध जातं. इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. ४० टक्के जास्त पेट्रोल हवं तर दाब जवळपास दुप्पट करावा लागतो. त्या दाबाला जुना पंप दमतो आणि नेमकं सर्वात जास्त गरज असते तेव्हा पुरवठा आटतो. सरळ मार्ग म्हणजे मोठे इंजेक्टर. १५५ हॉर्सपॉवरचं ध्येय धरलं, दर हॉर्सपॉवरला तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल मोजलं आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं ठरवलं, तर प्रत्येकी मिनिटाला जवळपास ३०० सीसीचे इंजेक्टर लागतात. मूळचे दोनशेच्या आसपासचे असतात. मोठे इंजेक्टर आले की त्यांना आज्ञा देणारा नवा संगणकही आला. या शतकाच्या सुरुवातीला ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोन अमेरिकी अभियंत्यांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा स्वतः डाग देऊन जोडायचा इंजिन-संगणक उपलब्ध करून दिला. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचे फेरे एवढ्यावर तो इंधन ठरवतो. झडपेची गरज राहत नाही. घरच्या ट्यूनिंगचा खरा आरंभ तिथे झाला. तोवर सुपरचार्जर घरी बसवता येत होता, जुळवता येत नव्हता.

तिसरी बाजू ठिणगीची, आणि इंजिनं मरतात ती इथे. नीट चाललेल्या इंजिनात ठिणगीपाशी पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण एकदम भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनात चढावर ऐकू येणारी ती खडखड थोडा वेळ सहन होते. बूस्टवर असलेल्या इंजिनात तेच धक्के पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा फोडतात, आणि काम काही सेकंदांत आटपतं. उपाय म्हणजे ठिणगी उशिरा देणं. दर पीएसआयला साधारण एक अंश मागे, हा कारागिरांचा ठोकताळा. पण कशाच्या मागे? १.६ लिटरच्या मिआटात हे तपासायची रीत अशी. बॉनेटखालच्या डायग्नॉसिस बॉक्समधल्या ‘टेन’ आणि ‘ग्राउंड’ या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडायच्या, टायमिंग लाइटची क्लिप पहिल्या सिलिंडरच्या वायरीला लावायची आणि पुलीवरची खूण १० अंशांवर दिसते का पाहायचं. दिसत नसेल तर हेडच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला असलेल्या सेन्सरचा १२ चा बोल्ट सैल करून सेन्सर केसभर फिरवायचा. पिकअप सुधारावा म्हणून आधीच्या मालकाने ती खूण १४ वर नेलेली असते, हे जुन्या मिआटांत नेहमी दिसतं. मूळ इंजिनाला ते चालतं. सुपरचार्जर लावल्यावर तेच चार अंश घातक ठरतात, आणि संगणकाच्या पडद्यावर ते कुठेही दिसत नाहीत. ऐकण्याचं साधनही घरगुती आहे: तांब्याच्या नळीचं एक टोक चेपून इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि तिला कानावरचे मफ. पट्ट्याची घरघर आणि गिअरचा आवाज त्यात मागे पडतात आणि नॉकिंगची टक्टक् स्वच्छ ऐकू येते. मग प्लग काढून भिंगाखाली धरायचा. पांढऱ्या पोर्सिलिनवर मिठाच्या कणासारखे चमकते ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

आता या साऱ्या खटाटोपाविरुद्धचा सर्वात जुना आक्षेप, आणि तो घेणारा माणूसही अधिकारी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सर हेन्री बर्किन यांनी डोरोथी पॅजेट यांच्या पैशावर आणि अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांच्या सुपरचार्जरवर ‘ब्लोअर बेंटली’ घडवली. साडेचार लिटरच्या ११० हॉर्सपॉवरच्या गाडीची ताकद १७५ वर गेली. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे मान्य नव्हतं. सुपरचार्जर लावणं म्हणजे मूळ रचना बिघडवणं, ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हे त्यांचं म्हणणं. निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत साडेसहा लिटरच्या बिनसुपरचार्जरच्या ‘स्पीड सिक्स’ने जिंकली, ब्लोअर तिथे कधीच जिंकली नाही. पण साक्ष इथे संपत नाही. त्याच ल मांमध्ये १९३१ ते १९३४ अशी लागोपाठ चार वर्षं अल्फा रोमिओची ८सी जिंकली, आणि ती सुपरचार्जरवालीच होती. विट्टोरिओ यानो यांनी ते इंजिन आखलं तेव्हापासून सुपरचार्जर त्याचा भाग होता. तेव्हा दोष सुपरचार्जरचा नव्हता. तयार इंजिनावर तो वरून चढवण्यात जोखीम होती. घरी किट बसवणारा प्रत्येक जण बर्किन यांच्या जागी असतो, यानो यांच्या नव्हे. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. मात्र बर्किन यांच्या वेळी इंजिनाच्या आत काय चाललं आहे हे चालू गाडीत पाहायचं साधन नव्हतं. आज एक्झॉस्टमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सतत सांगतो आणि संगणक त्याची नोंद दाब, तापमान आणि फेऱ्यांसकट सेकंदागणिक ठेवतो. यानो यांनी आराखड्यात जे केलं ते आपल्याला निदान नोंदवहीत करता येतं. ज्याला ते करायचं नाही, त्याच्यापुरता बेंटली यांचा आक्षेप आजही बिनतोड आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: हे काम डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र, असलेल्या व्यावसायिकाला का देऊ नये? द्यावं, आणि शेवटच्या टप्प्यात तर द्यावंच. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन पडद्यावरचे आकडे वाचायची जागा सार्वजनिक रस्ता नाही. पण डायनोवर घालवलेले दोन तास इंजिनाचा एकच दिवस पाहतात. गाडी जानेवारीच्या गारठ्यात सुरू होते का, ऑगस्टच्या उन्हात सिग्नलला उभी असताना आतली हवा किती तापते, अर्ध्या थ्रॉटलवर बूस्ट येऊ लागताना मिश्रण डगमगतं का, पट्टा पावसात घसरतो का, हे कळायला महिने लागतात, आणि तेवढा वेळ फक्त मालकाकडे असतो. व्यावसायिकाकडे उपकरणं आणि अनुभव. घरच्या माणसाकडे घाई नसणं. घाई नसणं हेच त्याचं भांडवल आहे. ते वापरून किट बसवण्याआधी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासता येतं आणि एखादा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर बेत रद्द करता येतो. १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या मिआटांत क्रँकचं पुढचं टोक आखूड असायचं आणि पुलीची चावी झिजून पुली डुगडुगायची. सुपरचार्जरचा पट्टा ओढ लावतो ती याच टोकाला. पुलीला चार खाचा दिसल्या तर आधी त्या टोकाची नीट तपासणी करायची, हे घाईत असलेल्या माणसाला सुचत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. त्याला बगल देता येत नाही, देऊही नये. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला असा भाग लावायचा तर त्या किटाला हवा-संसाधन मंडळाचा आदेश क्रमांक असावा लागतो आणि त्याचा स्टिकर बॉनेटखाली दिसावा लागतो. मेगास्क्वर्टसारखा स्वतः बांधलेला संगणक तिथे रस्त्यावर चालत नाही. भारतात अट याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्यानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे पुण्या-कोल्हापुरातल्या वाचकाला हे पुस्तक रस्त्यावरच्या गाडीसाठी परवाना देत नाही. त्याला ते इंजिन समजून घ्यायला उपयोगी पडेल, आणि फार तर फक्त ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीसाठी. अमेरिकेतल्या मराठी वाचकाने आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा, मग किटाची किंमत. तिथे गेलेल्याने एक फरक आणखी ध्यानात ठेवावा. भारतातल्या पेट्रोलपंपावरचा ऑक्टेन आकडा ‘रॉन’ पद्धतीचा असतो, अमेरिकेतला दोन पद्धतींची सरासरी. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत सुमारे ९५-९६. अमेरिकेतला टायमिंगचा तक्ता आकडा सारखा दिसतो म्हणून भारतात वापरला तर नॉकिंग ठरलेलं.

राहिला टर्बोचा प्रश्न. टर्बो फुकट जाणाऱ्या धुरावर चालतो, हवा कमी तापवतो आणि त्याच बूस्टला जास्त ताकद देतो, हे खरं. आज भारतातल्या लहान पेट्रोल गाड्यांच्या पाठीवरही ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, सुपरचार्जर क्वचितच दिसतो. पण शिकणाऱ्यासाठी सुपरचार्जरचा एक गुण मोलाचा आहे. तो क्रँकला पट्ट्याने बांधलेला असल्यामुळे अमुक फेऱ्यांना अमुक बूस्ट हे नातं जवळपास ठरलेलं असतं. काल घेतलेली नोंद आज पडताळता येते, आणि फरक दिसला तर कारण शोधता येतं: पट्टा घसरला, फिल्टर तुंबला, कुठे गळती झाली. टर्बोत भार, धूर आणि तो वळवणारी वेस्टगेट झडप यांच्या खेळात तेच बूस्ट रोज वेगळ्या वाटेने येतं. ताकदीच्या हिशेबात टर्बो पुढे असेल; शिकण्याच्या हिशेबात सुपरचार्जर पुढे आहे. विजेच्या गाड्यांच्या दिवसांत हे शिकून काय करायचं, असंही विचारलं जातं. नुसती ताकद हवी असेल तर विजेची गाडी घ्यावी, तो सौदा स्वस्त पडेल. हवा, इंधन आणि उष्णता यांचं गणित स्वतःच्या हाताने सोडवण्याची हौस असेल, तर त्याला दुसरी वाट नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी इंजिनाची तपासणी, मग मापनाची साधनं, मग मूळ इंजिनावरच नवा संगणक आणि इंजेक्टर. सुपरचार्जर त्यानंतर येतो, आणि ब्रेक व कूलिंग त्याच्याही आधी. काही वाचकांना हा क्रम उलटा वाटेल, कारण किटाची पेटी सर्वात आधी फोडावीशी वाटते. त्यांना एकच विनंती आहे. पहिली खरेदी कॉम्प्रेशन गेज आणि वाइडबँड सेन्सरची करावी आणि महिनाभर आहे त्याच इंजिनाच्या नोंदी ठेवाव्यात: सकाळच्या, दुपारच्या, चढावरच्या. त्या नोंदी वाचण्यात गोडी वाटू लागली तर सुपरचार्जर मागवावा. कंटाळा आला तर गाडी आहे तशीच चालवावी. ११६ हॉर्सपॉवरची मिआटा वळणावर आजही कुणाला हार जात नाही.